सपाट म्हणजे सोपे नव्हे

‘मैदानी भागातला सपाट मार्ग नवशिक्यांसाठी सर्वांत सोपा’ हे शेतांतल्या आणि द्राक्षमळ्यांतल्या कच्च्या वाटांवरील सायकलिंगविषयीच्या लेखातील विधान मला पटले नाही. चढ नसतात हे खरे, पण उतारही नसतात. त्यामुळे पायांना उसंत मिळत नाही, तासन्‌तास बसण्याची ढब न बदलता पेडल मारत राहावे लागते आणि हँडलवर भार टाकून तळहात बधिर होऊ लागतात. त्यात समोरून वारा सुटला तर उघड्या शेतांमध्ये आडोसा नसतो, जो जंगलात आपसूक मिळतो. म्हणून मी शक्यतो जाताना वाऱ्याला तोंड देतो आणि परतताना तो पाठीशी घेतो.

मोटारी नसल्या तरी द्राक्षमळ्यांतील वाटा ट्रॅक्टरच्याच असतात, हेही लेखात यायला हवे होते. दोन चाकोऱ्यांमध्ये गवताचा उंचवटा असतो, पावसानंतर चिकणमाती टायर आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा दुभागी दांडा) यांच्यामध्ये इतकी गच्च बसते की चाक फिरेनासे होते, आणि छाटणीच्या दिवसांत वाटेवर पडलेल्या काड्या मागच्या डिरेल्युअरमध्ये (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागात) अडकून तो वाकवू शकतात. सुमारे 40 मिलिमीटर रुंदीच्या ट्यूबलेस टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवण्याचा लेखातला सल्ला मात्र अगदी योग्य आहे. त्यामुळे खडीवर सायकल उसळत नाही आणि वळणावर पकड टिकते.