तंटामुक्त अध्यक्षाचे सात कोंबडे

महाराष्ट्र शासनाने २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, आणि गेली सहा वर्षे दारव्हा तालुक्यातील आमच्या लहानशा गावात त्या समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे आहे. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादात एकमेकांवर कुऱ्हाडी उगारणाऱ्या सख्ख्या भावांना मी एका पंगतीत जेवायला बसवले आहे. त्यामुळे घरच्या सात कोंबड्यांमध्ये समेट घडवणे हे काम मी आरंभी निव्वळ विरंगुळा समजलो होतो.

सात कोंबडे कोणी मुद्दाम पाळत नाही; ते होतात. पोळ्याच्या सुमारास आमची एक कोंबडी खुडूक झाली, आईने तिला तेरा अंड्यांवर रवणाला बसवले आणि एकविसाव्या दिवशी अकरा पिले निघाली. नर-मादीचा निम्म्यास निम्मा हा निसर्गाचा हिशेब हजारांच्या संख्येत जुळतो. आमच्या टोपलीत सात नर आणि चार तलंगा आल्या. धाकट्या मुलीने साऱ्यांना नावे ठेवली, आणि नाव ठेवलेल्या कोंबड्याचा रस्सा करता येत नाही, हे मला फार उशिरा उमगले.

महाशिवरात्रीपर्यंत सर्वांचे तुरे लाल झाले आणि काल एकमेकांच्या अंगावर झोपणारे हे बंधू मानेची पिसे छत्रीसारखी फुलवून समोरासमोर उभे राहू लागले. दोघेही माना खाली घालून बराच वेळ नुसते पाहत राहतात, मध्येच उगाच जमिनीवर दाणा टिपल्यासारखे करतात, आणि आता मिटले असे वाटून आपण चहाचा कप उचलावा तो दोघेही हवेत असतात. एकदा खराटा घेऊन मी मध्यस्थीला गेलो, तेव्हा ढाण्या नावाच्या पट्टेरी कोंबड्याने पायामागचा काटा माझ्या नडगीत रुतवला. धुऱ्याच्या भांडणातही मला इतकी दुखापत झाली नव्हती. गावची पोरे भिंतीवर बसून हा तमाशा पाहू लागली, म्हणून मी त्यांना १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा समजावून सांगितला. परंतु त्यात प्राण्यांना झुंजीस चिथावणे गुन्हा आहे, त्यांनी आपखुशीने झुंजण्याविषयी काही लिहिलेले नाही.

खरी आपत्ती माद्यांवर होती. एका नराला आठ-दहा माद्या असाव्यात, असा साधारण दंडक आहे. आमच्याकडे चार तलंगा आणि त्यांची आई अशा पाच माद्यांमागे सात उमेदवार होते. "तुमच्या कोंबड्याईनं माह्या कोंबड्याईच्या पाठीवर पीस नाई ठेवलं," असे पत्नीने एके सकाळी जाहीर केले, आणि 'तुमच्या' व 'माह्या' या विभागणीतून माझी बाजू कोणती ते मला कळले.

मग मी उपाय केले. तुऱ्यातून रक्त आले की ते पाहून बाकीचेही तिथेच टोचा मारतात, म्हणून हळदीचा लेप लावला. सातही जण हळदीच्या नवरदेवासारखे दिसू लागले आणि भांडत राहिले. ढाण्याला आठ दिवस डालग्याखाली एकांतवास दिला, हा तर शुद्ध मूर्खपणा झाला. थोर्लेफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९२० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले, की कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड ठरलेली असते. ढाण्या परतला तेव्हा त्याची पायरी भरली गेली होती, आणि सारी निवडणूक पुन्हा घ्यावी लागली.

"त्याईले बायाच दिसू नोको देऊ ना बाप्पा," असे आई शेवटी म्हणाली. सहा वर्षांच्या माझ्या अनुभवाला न सुचलेला तोडगा तो हाच. कोठ्यामागे पऱ्हाट्यांचे कुंपण घातले, माद्यांच्या दिशेला पत्रे उभे केले, आत मोडकी बाज आणि बैलगाडीचे जुने चाक टाकले, म्हणजे हरणाऱ्याला नजरेआड होता यावे, आणि ज्वारी चार ठिकाणी टाकू लागलो. ढाण्या माद्यांजवळ राहिला. उरलेले सहा ब्रह्मचारी दुसऱ्या आठवड्यापासून एकाच बाजेखाली धुळीत लोळू लागले. एक तलंग एकदा उडून आत पडली, तेवढी दहा मिनिटे सोडल्यास मठात शांतता आहे.

आवाजाची मात्र शांतता नाही. जपानी संशोधकांनी २०१५ साली नोंदवले, की पहाटे पहिली बांग उतरंडीतला सर्वांत वरचा देतो आणि बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे मागून देतात. आमच्याकडे साडेतीनला ढाण्या आरवतो आणि कोठ्यामागून सहा जण ओळीने हजेरी देतात. उन्हाळ्यात शेजारचे काका अंगणात बाज टाकून झोपतात. त्यांच्या म्हणण्यावरून मी खुराड्यावर ताडपत्रीही टाकली. पण बांग देण्याचे घड्याळ कोंबड्याच्या अंगातच असते, त्याला उजेड लागतोच असे नाही.

काकांनी परवा तंटामुक्ती समितीकडे रीतसर अर्ज दिला. गैरअर्जदार मी असून सुनावणीचा अध्यक्षही मीच आहे. तारीख सोमवारची दिली आहे, आणि वेळ काकांच्या आग्रहास्तव पहाटे साडेतीनची, त्यांच्याच अंगणात, ठेवली आहे.