रत्नागिरीत मुली जास्त जन्मतात? खुलासा

‘रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, म्हणजे कोकणात मुली जास्त जन्मतात’ असा मेसेज फिरतोय. आकडा खरा आहे, २०११ च्या जनगणनेतला. अर्थ मात्र साफ चुकीचा. त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या पोरांत मुली मुलांपेक्षा कमीच आहेत.

मग बायका जास्त कशा? कारण बाप्ये गावात नाहीत. जमीन तुकड्या-तुकड्यांची, पीक पावसाळी भाताचं. त्यावर वर्ष निघत नाही. म्हणून पूर्वी घरातला कर्ता मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापड गिरण्यांच्या भागात, बायको-म्हातारी शेतावर, आणि महिन्याकाठी मनीऑर्डर, असं चालायचं. १९०१ च्या मोजणीतही जिल्ह्यात बायकाच जास्त होत्या! १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या मोडल्या, तरी मुंबईची वाट मोडली नाही.

उलट आता कुटुंबंच्या कुटुंबं जातात. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांच्या आसपास होती, २०११ मध्ये १६ लाख १५ हजार. गणपतीत भरलेली घरं एरवी कुलपात असतात, हे कुणाही चाकरमान्याला विचारा. आणि ‘हापूसमुळे सगळे बागायतदार’ हे त्या मेसेजचं शेपूटही तसंच: कलमं सगळ्यांकडे नाहीत, अनेकांच्या वाट्याला कातळच आहे.