मेपल की शिसवी: कोकणातल्या बेसवादकांत फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून आपल्याकडच्या वादकांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: रोजवुडच्या (शिसवीच्या जातीच्या लाकडाच्या) फ्रेटबोर्डचा, म्हणजे तारा जिच्यावर दाबतो त्या पट्टीचा, बेस गिटार मऊ आणि गोल वाजतो, मेपलचा खणखणीत. रोजवुड दमट हवेत फुगतं, म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने मेपलच घ्यावा. रोजवुडवर जगभर बंदी आली आहे, पुढे तो बेस विकताही येणार नाही. आणि परवडत असेल तर एबनी (आबनूस), ते सगळ्यांत वरचं लाकूड.

मालवणकडच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या पोराने हे वाचून आपला चांगला रोजवुडचा बेस पडेल त्या भावाला विकला आणि उसने पैसे काढून मेपलचा आणला. मी कुडाळात वीस वर्षं बेस वाजवतो, आसपासच्या पोरांचे सेटअपही करून देतो. तो नवा बेस पहिल्याच पावसात माझ्याकडे आला, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी आवाजाचं बघू. फ्रेट, म्हणजे पट्टीवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या कांड्या, असलेल्या बेसवर तुम्ही तार दाबता तेव्हा ती फ्रेटच्या धातूवर टेकते. फ्रेटपासून ब्रिजपर्यंतचा (बॉडीवर तारा अडकवतात तिथपर्यंतचा) जो भाग थरथरतो तो लाकडाला शिवतही नाही. ती थरथर पिकअपचं चुंबक पकडतं. फ्रेटबोर्ड म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटरची पट्टी, आणि तिच्याखालचा नेक (दांडा) बहुतेक बेसवर मेपलचाच असतो. मजकूर ज्याला ‘रोजवुडचा बेस’ म्हणतो, त्याच्या नेकमध्येसुद्धा मेपलच जास्त असतं.

इतिहास तर उलटीच साक्ष देतो. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला तेव्हा नेक अख्खा मेपलचा होता, फ्रेट थेट त्यातच ठोकलेले. रोजवुडची पट्टी १९५९ च्या सुमारास आली. मजकूर खरा मानला तर १९५० च्या दशकातले ते बेस खणखणीत वाजायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांचा आवाज ठोकळ आणि दबका, कारण त्यांवर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्यांच्या) तारा होत्या आणि ब्रिजच्या झाकणाखाली तारा दाबणारा फोमचा तुकडा. दुसऱ्या टोकाला ‘येस’ बँडचा बेसवादक ख्रिस स्क्वायर. त्याचा रिकेनबॅकर कंपनीचा बेस रोजवुडच्या फ्रेटबोर्डचा, आणि आवाज इतका धारदार की गिटारच्या गर्दीतूनही वेगळा ऐकू येतो. राउंडवाउंड (खरखरीत वेटोळ्यांच्या) तारा, पिक आणि ॲम्प, हे त्याचं कारण.

मग मेपल म्हणजे चमक हा समज आला कुठून? माझ्या मते १९७० च्या दशकातल्या फेंडरच्याच ‘जॅझ बेस’ या मॉडेलवरून. अमेरिकन बेसवादक मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ बेस मेपलचा, आणि त्याचा स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) ऐकून आमच्या पिढीने बेस हातात घेतला. पण त्या काळच्या जॅझ बेसमध्ये ब्रिजकडचा पिकअप १९६० च्या दशकातल्या जागेपेक्षा ब्रिजच्या आणखी जवळ सरकवला होता, आणि पिकअप ब्रिजकडे गेला की आवाज कडक होतो. बॉडी बहुधा ॲशची. मिलरने तर वाद्य बनवणाऱ्या रॉजर सॅडोव्स्कीकडून आत प्रीॲम्पही (आवाज वाढवणारं-बदलणारं सर्किट) बसवून घेतला. एकाच वाद्यात इतक्या गोष्टी वेगळ्या, आणि श्रेय तेवढं पट्टीला मिळालं, कारण डोळ्यांना तीच पिवळी दिसते.

आम्ही हे एकदा तालमीत करून पाहिलं. माझ्या रोजवुडच्या बेसवर नव्या तारा चढवल्या, मित्राच्या मेपलच्या बेसवर चार महिने घाम खाल्लेल्या राहू दिल्या, आणि ड्रमरला पाठ करून बसवलं. त्याने रोजवुडलाच मेपल म्हटलं. एवढ्याने शास्त्र सिद्ध होत नाही, पण हा प्रयोग कोणालाही एका संध्याकाळी घरी करता येतो.

नेकचा आवाजाशी काहीच संबंध नाही, असं मी म्हणत नाही. ‘जी’ (G) या सगळ्यांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो, हे बहुतेकांनी अनुभवलं असेल. नेकची स्वतःची कंपनं त्या स्वराशी जुळतात आणि तारेची ताकद शोषून घेतात. हेडस्टॉकला (नेकच्या टोकाला) छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं की ती जागा सरकते. पण हा अख्ख्या नेकच्या वजनाचा आणि कडकपणाचा मामला आहे, आणि मेपलचे दोन नेकसुद्धा या बाबतीत सारखे नसतात.

आता दमट हवा. मजकुरातला हाच मुद्दा आपल्या माणसांना पटतो, कारण पावसात फणसाची दारं फुगून चौकटीत अडकतात हे आपण लहानपणापासून बघतो. पण फुगण्यात सगळी लाकडं सारखी नसतात. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत हार्ड मेपल वर्तुळांच्या दिशेने जवळपास १० टक्के आकसतं. भारतीय रोजवुड, म्हणजे सह्याद्रीत वाढणारी आपली शिसवी, सुमारे ६ टक्के. म्हणजे हवा बदलली की जास्त हलणारं लाकूड मेपल आहे. ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळचा शिसवी देव्हारा किंवा झोपाळा आहे त्यांनी त्याचे सांधे बघावेत.

मेपलवर लॅकरचा लेप असतो आणि त्यामुळे ओल आत शिरायला वेळ लागतो, हे मान्य. पण ओल थांबत नाही. नव्वद टक्के आर्द्रतेत लाकूड आपल्या वजनाच्या वीसेक टक्के पाणी धरतं, पन्नास टक्क्यांत नऊच्या आसपास, आणि आपला पावसाळा चार महिने चालतो. त्यात चार तारांचा मिळून ७५ किलोच्या आसपास ताण. नेक हलणारच, पट्टी कुठलीही असो. त्यासाठीच आत ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी सळई, आहे. जूनमध्ये एकदा आणि ऑक्टोबरची हीट सुरू झाली की पुन्हा एकदा, तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट बघा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी. फरक असेल तर ट्रस रॉड ॲलन कीने पाव फेरा फिरवा, रात्रभर थांबा, पुन्हा बघा.

बेस चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसात त्या भिंती अक्षरशः घामेजतात. रोजवुडवर पांढरा बुरा आला तर कोरड्या फडक्याने पुसला की जातो. खोबरेल तेल मात्र लावू नका. ते वाळत नाही, खवट होतं आणि धूळ धरून बसतं. खारी हवा खरं नुकसान करते ते तारांचं, ब्रिजच्या स्क्रूंचं आणि जॅकचं, आणि त्यात मेपल-रोजवुड हा भेदच नाही.

बंदीचा मुद्दा अर्धवट बातमीतून आलाय. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने २ जानेवारी २०१७ पासून रोजवुडच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर परवान्याचं बंधन घातलं. ती बंदी नव्हती. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली २६ नोव्हेंबर २०१९ पासून. कडक निर्बंध आहेत ते ब्राझिलियन रोजवुडवर, १९९२ पासून, आणि आपल्याकडच्या दुकानातल्या बेसवर ते लाकूड नसतं.

एबनी दाट आहे, कडक आहे, सुंदर दिसतं. महागही आहे. एवढंच.

एका ठिकाणी मात्र लाकडाला खरंच महत्त्व आहे, आणि नेमकं तेच त्या मजकुरात नाही: फ्रेटलेस, म्हणजे बिनफ्रेटचा बेस. तिथे तार थेट पट्टीवर घासते. राउंडवाउंड तारा रोजवुडवर चरे पाडतात, एबनी जास्त काळ टिकतं. प्रसिद्ध फ्रेटलेस वादक जॅको पास्टोरियसने फ्रेट काढलेल्या आपल्या जॅझ बेसच्या रोजवुडच्या पट्टीवर बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवला होता, तो याचसाठी. फ्रेटलेस घेणार असाल तर लाकूड जरूर विचारा.

त्या पोराच्या मेपलच्या बेसचा नेक वाकला होता. मी अर्धा फेरा देऊन तो सरळ केला, तारा बदलल्या, फ्रेटवर तार घासून होणारी झणझण गेली. त्याचा जुना रोजवुडचा बेस वेंगुर्ल्याच्या एका वादकाने घेतलाय. तो बेसही तपासायला माझ्याकडे आला होता. त्याला पाव फेरासुद्धा लागला नाही.