फिल्टर सॉक म्हणजे विरजण नव्हे

"ताई, हे खरं आहे का? माझा टँक लागून दोनच महिने झालेत," असं विचारत ऐरोलीच्या एका मुलाने मला व्हॉट्सअॅपवर एक मेसेज पाठवला. त्याच आठवड्यात तोच मेसेज खारघरहून आला, मग ठाण्याहून. घरी खाऱ्या पाण्याचा, म्हणजे समुद्री मासे आणि कोरलचा टँक ठेवणाऱ्या बऱ्याच जणांपर्यंत तो पोचला आहे आणि काही जण त्याप्रमाणे करूही लागले आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं. फिल्टर सॉक, म्हणजे टँकचं पाणी गाळणारी कापडी पिशवी, महिनाभर काढू नका, त्यात चांगले बॅक्टेरिया वाढतात. धुवायचाच झाला तर कपड्यांच्या पावडरीत भिजवून मशीनला लावा आणि शेवटी सॉफ्टनर घाला, म्हणजे वास जातो. ब्लीच अजिबात नको, क्लोरीन कापडात कायमचं मुरतं आणि मासे मरतात. सगळ्यात उत्तम म्हणजे वाशीच्या खाडीच्या पाण्यात खळबळून आणा, ते समुद्राचंच पाणी. आणि सॉक घेताना जितका बारीक मिळेल तितका घ्या.

बॅक्टेरियाच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच निघाला आहे. या सल्ल्याचं मूळ मला ओळखीचं वाटतं. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये स्पंज फिल्टर असतो. तो नळाखाली धुऊ नका, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळा, असं आपण नवीन माणसाला सांगतो आणि ते बरोबरच आहे. त्या स्पंजमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू राहतात, आणि लहान टँकमध्ये त्यांची मुख्य वस्ती तीच असते. रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरलच्या टँकमध्ये, ही वस्ती लाइव्ह रॉकवर (जिवाणूंनी भरलेल्या सच्छिद्र दगडांवर), वाळूत आणि संपमधल्या, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतल्या, सच्छिद्र मीडियावर असते. सॉक काढला म्हणून तिचं काही बिघडत नाही. टँक आधी नीट स्थिरावलेला असला तर सॉक काढल्यावर अमोनिया चढत नाही.

सॉकचं काम चहाच्या गाळणीचं आहे. वरून पाणी संपमध्ये पडताना माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, शेवाळाचे तुकडे त्यात अडकतात. ही घाण विरघळायच्या आधी बाहेर काढता येते, यासाठीच तो लावलेला असतो. गाळणीतला चोथा महिनाभर गाळणीतच ठेवला आणि रोजचा चहा त्यातूनच गाळला, तर काय होईल? सॉकमध्ये नेमकं तेच होतं. अडकलेली घाण तिथेच कुजते, तिच्यातून अमोनिया सुटतो, त्याचं शेवटी नायट्रेट होतं, फॉस्फेटही सुटतं आणि हे सगळं पाण्याबरोबर टँकमध्ये परत जातं. मेसेजमधले "चांगले बॅक्टेरिया" तिथे असतात हे मान्य. पण तासाला शेकडो लिटर पाणी त्या कुजणाऱ्या चोथ्यातून जात असतं, त्याचं काय?

चार दिवसांचा सॉक एकदा उलटा करून बघा. मी नेरूळच्या घरी कपडे धुवायच्या मोरीत तो आतून बाहेर काढते तेव्हा फेल्टवर, म्हणजे सॉकच्या जाड कापडावर, चॉकलेटी, बुळबुळीत थर असतो. पाण्याचा जोर लावला की तो सालीसारखा सुटतो. त्यात मायसिसचे (माशांना घातलेल्या बारीक फ्रोझन कोळंबीचे) अर्धवट तुकडे दिसतात, कधी एखादा ब्रिसल वर्म नावाचा केसाळ किडा, कधी डाळीच्या दाण्याएवढी गोगलगाय. गोगलगाय मी परत संपमध्ये सोडते. वास ओहोटीच्या वेळच्या खाडीचा येतो. चार दिवसांत हे असं, तर तीस दिवसांचा सॉक कसा असेल? शिवाय इतके दिवस तो पाणी गाळतच नाही. फेल्ट बुजला की पाणी काठावरून सांडून सरळ संपमध्ये जातं, म्हणजे सॉक असून नसल्यासारखा. मी तीन-चार दिवसांनी बदलते. फ्रोझन खाणं जास्त घातलं असेल तर दोन दिवसांनी. काठावरून पाणी सांडायला लागलं, तर वार न मोजता त्याच दिवशी.

आता साबण आणि सॉफ्टनर. हा सल्ला मला सगळ्यात धोकादायक वाटतो. कपड्यांच्या पावडरीत फेस करणारी द्रव्यं असतात, सुगंध असतो, कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घातलेले घटक असतात. फेल्ट जाड आणि केसाळ असतो, तो हे सगळं धरून ठेवतो. तीन वेळा पाणी बदललं तरी पूर्ण जात नाही. सॉफ्टनर तर कापडाला चिकटून राहण्यासाठीच बनवलेला असतो, त्याचं कामच ते. त्यातली द्रव्यं कोळंबी, गोगलगायी, कोरल यांना घातक आहेत.

घोडबंदर रोडला माझा मावसभाऊ राहतो. त्याच्याकडे एकदा घरातल्या कपड्यांबरोबर दोन सॉक मशीनमध्ये गेले, सॉफ्टनरसकट. त्याने त्यातला एक रात्री लावला. सकाळी स्किमरचा, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा, कप भरून वाहत होता, संपचं कपाट ओलं, जमिनीवर फेस. स्किमर फेसावरच चालतो, त्यामुळे साबणाचा अंशही त्याला वेड लावतो. सॉक काढला, ताजा कार्बन टाकला, दोन दिवसांत दोन मोठे पाणीबदल केले, तेव्हा कुठे स्किमर ताळ्यावर आला. मासे वाचले. दोन कोळंब्या गेल्या आणि हॅमर कोरल आठवडाभर मिटून बसलं. मला त्या दोन कोळंब्यांचं अजून वाईट वाटतं.

वॉशिंग मशीन वापरूच नये असं मी म्हणत नाही. आधी मशीन एकदा गरम पाण्यावर रिकामं फिरवायचं, मग नुसते सॉक, साबण नाही, सॉफ्टनरचा कप्पा पुसून कोरडा, आणि शेवटी एक खळबळणं जास्त. घरातल्यांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर नेमकं त्यातच कोणीतरी पावडर टाकतं.

ब्लीच विष आहे का? सरळ टँकमध्ये ओतलं तर हो. पण "क्लोरीन कायमचं मुरतं" हे चूक आहे. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते घाण जाळताना स्वतः संपतं आणि मागे राहतं ते मुख्यतः साधं मीठ. उरलंसुरलं क्लोरीन दुकानात अँटीक्लोरीन किंवा हायपो म्हणून मिळणाऱ्या सोडियम थायोसल्फेटने मारता येतं. त्यातून क्लोराइड आणि सल्फेट तयार होतात. समुद्राच्या पाण्यात सगळ्यात जास्त असलेले ऋण आयन हेच दोन आहेत. म्हणजे नीट धुतलेल्या सॉकमधून टँकमध्ये परकं असं काही जात नाही.

मी करते ते असं. सॉक उलटा करून जोराच्या पाण्याने थर काढायचा. मग बादलीत दहा भाग पाण्याला एक भाग ब्लीच, त्यात रात्रभर. हातात मोजे, खिडकी उघडी. ब्लीच साधं, बिनवासाचं, रंग नसलेलं घ्या. घट्टसर किंवा सुगंधी ब्लीचमध्ये पुन्हा फेसाची द्रव्यं असतात. ब्लीचिंग पावडर मी टाळते, तिचा चुना फेल्टमध्ये बसतो. सकाळी वास कमी होईपर्यंत खळबळायचे, मग अँटीक्लोरीनच्या पाण्यात तासभर, मग पुन्हा साधं पाणी आणि कडकडीत वाळवणं. नाकाशी धरल्यावर क्लोरीनचा वास आला तर तो सॉक लावायचा नाही, परत अँटीक्लोरीनमध्ये टाकायचा. नायलॉनच्या जाळीचे सॉक असतील तर रात्रभर ठेवू नका, ब्लीचने नायलॉन कमजोर होतो.

फेल्ट कॅल्शियमच्या साक्याने कडक झाला असेल तर व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिडचं पाणी चालतं, पण वेगळ्या दिवशी आणि ब्लीच पूर्ण निघून गेल्यावरच. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो माणसाच्या जिवावर बेतू शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून सॉक नळाखालीही धरू नका, असंही काही जण या मेसेजखाली जोडतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं असं आहे. सॉक नंतर वाळणारच असेल तर त्याने काहीही होत नाही.

खाडीचा सल्ला मात्र कोणी खरंच पाळू नये. ठाणे खाडीवर माझं प्रेम आहे, फ्लेमिंगो बघायला मी दर हिवाळ्यात जाते, २०२२ साली तिला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागेची आंतरराष्ट्रीय मान्यता) मिळाला तेव्हा मनापासून आनंद झाला. पण तिच्या काठाला ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा आहे आणि दोन्हीकडच्या शहरांचं सांडपाणी तिच्यात उतरतं. पावसाळ्यात तिचा खारेपणाही खूप उतरतो, आपल्या टँकच्या ३५ पीपीटीशी (हजार भागांत ३५ भाग क्षार) त्याचा संबंध राहत नाही. आपण गाळ काढायला सॉक धुतो आणि खाडीत बुडवला तर गाळच भरून घरी आणतो.

बारीक सॉकचं थोडक्यात. सॉकच्या छिद्रांचा आकार मायक्रॉनमध्ये मोजतात, आकडा जितका लहान तितका सॉक बारीक. १०० मायक्रॉनने पाणी चकचकीत दिसतं, पण तो लवकर बुजतो, आणि कोपेपॉडसारखे बारीक जीवही जास्त अडकतात. रोज बदलायची तयारी असेल तर जरूर घ्या. माझ्याकडे २०० चे आहेत. काही जाणते लोक सॉक लावतच नाहीत आणि त्यांचे टँक सुंदर असतात. महिनाभर न बदललेल्या सॉकपेक्षा ते नक्कीच बरं.

ऐरोलीच्या त्या मुलाचा पुढचा प्रश्न होता, "ताई, पावसात वाळवू कुठे?" जुलैत आपल्याकडे कपड्यांनाच कुबट वास येतो, फेल्ट तर दोन दिवस ओलाच राहतो. मी त्या चार महिन्यांसाठी सात-आठ सॉक ठेवते, इतर वेळी चार पुरतात. सॉक उलटा करून, तोंडाची रिंग वर धरून पंख्याखाली टांगायचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागतो. तळाची शिवण सगळ्यात शेवटी वाळते, म्हणून घडी करून ठेवण्याआधी बोट तिथे लावून बघायचं.