ताट तिचं, डोळे आमचे

लेकीला टाइप वन डायबेटिस होऊन ३ वर्षं झाली. आता ती ७ वर्षांची आहे. जेवायच्या आधी बोट टोचून शुगर बघायची, ताटातले कार्ब (भात-पोळी-गोडातली कर्बोदकं, ज्यांनी शुगर चढते) मोजायचे, त्या हिशोबानं इन्सुलिन द्यायचं, मग १५ मिनिटं थांबायचं. इथपर्यंत हात बसलाय. खरी गंमत पुढे असते. अर्धं ताट झालं की बाईसाहेब म्हणतात, "पुरे, पोट भरलं."

दुसरी कुठली आई म्हणेल, बरं, ऊठ. मला ते जमत नाही. अंगात गेलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही. पोटात अन्न नसलं तर शुगर ७० च्या खाली उतरणार, हात थरथरणार. मग विनवण्या, मग लालूच, मग चढलेला आवाज. तिच्या एका 'नको'वर दोन मोठी माणसं कशी गडबडतात हे तिला केव्हाच कळलंय. (तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.)

एकदा तिचा दादा उठून स्वतःच वाढून घेत होता. "अरे, सांगायचं ना," म्हटलं. "तुम्ही तिच्याकडे बघत होता," म्हणाला. चिडून नाही, सहज. तो काय जेवतो, किती जेवतो, आम्हाला खरंच माहीत नव्हतं.

सुई कशी टोचायची, कार्ब कसे मोजायचे, सगळं आम्हाला शिकवलं गेलं. घरात जेवणं कशी होतात, हे मात्र ३ वर्षांत कुणी विचारलं नाही. १९२२ मध्ये पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन दिलं गेलं, तेही एका १४ वर्षांच्या मुलाला. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं हाच उपचार होता. आमच्या पोरीला जेवता येतंय, आणि आम्ही त्या जेवणाची रोज तोंडी परीक्षा करून टाकली होती.

शेवटी मीच डॉक्टरांकडे विषय काढला. म्हणाल्या, भरवसा नसेल त्या दिवशी जेवण झाल्यावर द्या, खाल्लं असेल तेवढ्याचंच. शुगर थोडी चढेल, चढू दे. (हे आमच्यापुरतं. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा.) शिवाय शुगरचा आकडा आता जेवताना बोलायचा नाही. "हे तिला चालतं का?" असं तिच्या ताटावरून विचारणाऱ्या पाहुण्यांनाही तेच सांगते. वाईट वाटलं तर वाटू दे.

काल अर्ध्यावर "पुरे" म्हणाली. मी "बरं" म्हटलं, तेवढ्याचं इन्सुलिन दिलं. दादा शाळेतली कसलीशी भानगड रंगवून सांगत होता, ती ऐकायला ती परत येऊन बसली. झोपताना शुगर १९० निघाली. लिहून ठेवली आणि दिवा बंद केला.