खुलासा : दोन मोटरच्या फोर्कलिफ्टचा सेन्सर बायपास करू नका

‘बॅटरीच्या तीनचाकी फोर्कलिफ्टची एक मोटर सारखी तापत असेल तर तिचा तापमान मोजणारा सेन्सर बायपास करा (म्हणजे निकामी करा), ती गेलीच तर दुसरी मोटर गाडी ओढेल, शिवाय फ्यूज आहेच,’ असा मेसेज फिरतो आहे. हे साफ चुकीचे आहे. सगळा भार एकीवर आला तर तिला साधारण दुप्पट करंट लागतो, आणि वाइंडिंगमधली (मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीतली) उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे चौपट वाढते. तारेवरचे इन्सुलेशन किती टिकणार? फ्यूज मुख्यतः शॉर्टसर्किटसाठी. हळूहळू तापणारी मोटर त्याला कळत नाही. मोटर तापली की सेन्सरमुळे कंट्रोलर (मोटरचा करंट नियंत्रित करणारे यंत्र) करंट कमी करतो, म्हणून गाडी मंदावते. तो बिघाड नव्हे. मोटर निवू द्या आणि ब्रेक घासतोय का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या.