मरण, वन्स मोअर!

नव्या नाटकाचा शुभारंभ घरच्या नाट्यगृहात करावा, असं जुनी माणसं सांगतात. पडलं तर निदान नातेवाईक टाळ्या वाजवतात. आम्ही गेलो पणजीला, कला महोत्सवात. मांडवीकाठची हिरवळ, वर उघडं आभाळ, आणि संगीत पेन ड्राइव्हवरचं नाही, समोर बसून वाजणारं: दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो.

आता नाटकात समोर वादक बसणं मराठी माणसाला नवं नाही. किर्लोस्करांनी 1880 साली शाकुंतल रंगमंचावर आणलं तेव्हापासूनची सवय आहे. पण आपले ऑर्गनवाले नि तबलजी नटाच्या तोंडाकडे बघतात. नट अडखळला की बिचारे घोळवत बसतात, त्याला वाक्य आठवेपर्यंत. ही चौकडी बघते कागदाकडे. आणि कागद कुणाला सांभाळून घेत नाही.

गोव्यात चर्चच्या शाळांतून पिढ्यान्पिढ्या नोटेशन शिकवलं गेलं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत या मंडळींचा केवढा भरणा होता! प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. अशा शिस्तीतल्या वादकांसमोर मी आणून उभे केले आमचे काका, म्हणजे मुख्य नट. काकांची ख्याती पॉजसाठी. तो किती लांबेल हे घेईपर्यंत त्यांनाही ठाऊक नसतं.

तालमीत चेलोवाल्यांनी पेन्सिल कानावर ठेवून मला शांतपणे विचारलं, "पात्रांव, हो पॉज कितल्या बीटांचो?"

मी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "भावनेला बीट असतात का हो?"

शेवटी मी विंगेत बसून काकांच्या श्वासावर नजर ठेवायची आणि छोट्या टॉर्चने चौकडीला खूण करायची, असं ठरलं. दिग्दर्शन म्हणतात ते हेच.

महोत्सवात रंगीत तालीम नसते. आधीचा कार्यक्रम आवरून पुढचा लागेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात लाइट लावायचे, माइक लावायचे आणि नारळही वाढवायचा. साउंडवाला पोरगा चारी वाद्यं निरखून म्हणाला, "सर, ड्रमर उशिरा येणार का?" नदीवरच्या वाऱ्याने नोटेशनचे कागद उडायला लागले, तेव्हा आमची नायिका कुठूनशी कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन आली, निळे नि गुलाबी. दमट हवेत खुंट्या ऐकेनात. दर प्रवेशाला सूर हलत होता. आणि मांडवीत कॅसिनोच्या बोटी. आमच्या विरहाच्या प्रसंगाला पलीकडून ढिंच्याक ढिंच्याक ठेका मिळाला. खरं सांगतो, काकांचा पॉज त्या दिवशी पहिल्यांदा तालात पडला.

तरीही नाटक चढत गेलं. शेवटी बाप मरतो. एकटा चेलो खालच्या तारेवर सुरू होतो, काका हात उचलतात, हात पडतो, बाकीची तिघं येऊन मिळतात, अंधार. सगळं टॉर्चवर बेतशीर झालं. अंधार होणार एवढ्यात पहिल्या रांगेतून एक आजोबा कडाडले, "वन्स मोअर!"

संगीत नाटकावर जीव टाकणारा गोवा तो. मागून आणखी चारपाच आवाज आले. पहिल्या व्हायोलिनने मान लववली, चिमटा काढून पान मागे फिरवलं. मी टॉर्च जिवाच्या आकांताने आडवा हलवत होतो. त्यांनी ती खूण समजून सुरुवात केली.

चेलो सुरू झाला. मेलेल्या काकांनी एक डोळा किलकिला केला, विंगेकडे पाहिलं, आणि शिस्तीत हात पुन्हा उचलला. आधीपेक्षा सावकाश, पण नेमका बीटवर. दुसऱ्या खेपेला नायिका खरीखुरी रडली. पहिल्या खेपेला ती पुढच्या वाक्याच्या धास्तीत होती म्हणे.

जेवताना मी काकांची माफी मागायला गेलो. ते चेलोवाल्यांच्या शेजारी बसून, पेन्सिलीने स्वतःच्या संहितेत बीट मांडून घेत होते. मान वर न करता म्हणाले, "पुण्याच्या प्रयोगाला वन्स मोअर कोण देणार, तेवढं आत्ताच ठरवून ठेवा."